एका क्युसेकमध्ये किती एकर? नीरा डाव्या कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी घातलेला हिशोब

दर १५ सप्टेंबरला पाटबंधारे खात्याच्या कार्यालयांत आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत पगडीवाल्या विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार पडतो. भाषणात कृष्णराजसागर येतो, हैदराबादचा पूर येतो, खडकवासल्याची दारे येतात, भारतरत्न येते. नीरा डावा कालवा मात्र क्वचितच कोणाच्या तोंडी येतो. पुरंदर, बारामती, इंदापूर भागात खरे तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. कालव्यात आलेले पाणी किती जमिनीला पुरेल, ते कोणाला आणि कोणत्या पिकाला द्यायचे, हा हिशोब या माणसाने याच कालव्यावर घातला. शेतकऱ्यांचा रोषही त्यांनी इथेच पत्करला.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातले. चिक्कबळ्ळापूरजवळचे मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. वडील संस्कृत पंडित, घरात पैसा बेताचाच, आणि वडील लवकर गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी खर्च भागवला. बी.ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला आले. १८८३ मध्ये मुंबई इलाख्यात पहिले आले. पहिल्या आलेल्याला सरकारी नोकरी मिळायची. १८८४ मध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. पुढची २४ वर्षे त्यांनी मुंबई सरकारची नोकरी केली.

सुरुवातीच्याच काळात त्यांची खानदेशात बदली झाली. धुळे भागात पांझरेच्या पाण्याचा एक पाट पाइपातून ओढ्यापार न्यायचा होता. पावसाळा तोंडावर होता. पाऊस संपल्यावर काम धरू, असे या नव्या साहेबाने वर कळवले. वरून कडक शब्दांत उत्तर आले, तेव्हा त्यांनी मुकाट्याने काम हाती घेतले आणि पावसापाण्यात पुरे केले. हा किस्सा बहुतेक चरित्रांत सापडतो.

पांझरा म्हटले की धुळे-नाशिककडच्या शेतकऱ्याला फड आठवतो. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटायची. एका फडात एकच पीक. एका फडात ऊस असला तर दुसऱ्यात भुसार, आणि पुढल्या वर्षी पाळी बदलते. बहुतेकांच्या जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असतो, त्यामुळे बारमाही पिकाचा फायदा आणि तोटा सगळ्यांनाच. नदीला पाणी कमी असले तर एखादा फड कोरडा ठेवतात. पाणी पाटकरी देतो, मालकाने रात्री उठून बारे धरायचे नाही. ही रीत काही शतकांची आहे, सरकारी नाही, गावांनी बसवलेली आहे. विश्वेश्वरय्यांनी पुढे नीरेवर जे केले ते या फडाशेजारी ठेवून पाहिले की दोन्हींचे नाते उघड दिसते. भाषणांत हे सांगायचे राहून जाते.

मधल्या दहा-बारा वर्षांत सिंधमध्ये सक्करचा पाणीपुरवठा, सुरतेचे काम, जपानचा प्रवास असे बरेच झाले. १८९९ मध्ये ते पुण्याला सिंचनाचे कार्यकारी अभियंता झाले, आणि मुठा व नीरा हे दोन्ही कालवे त्यांच्याकडे आले.

नीरा डावा कालवा दुष्काळातून जन्मलेला. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात लोकांना काम द्यायला त्याची खोदाई सुरू झाली. १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. वर भोर भागात वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण, खाली नीरेवर वीरचा बंधारा, आणि तिथून पुरंदर, बारामती करत इंदापूरच्या कोरड्या माळापर्यंत सुमारे शंभर मैलांचा पाट. पावसाने डोळे वटारले तरी ज्वारी-बाजरी हाती लागावी, माणसे-जनावरे जगावीत, एवढाच हेतू होता.

प्रत्यक्षात झाले वेगळेच. पाऊस बरा झाला की काळ्या रानातल्या ज्वारीला पाटाच्या पाण्याची गरजच उरायची नाही. शेतकरी पाणी घ्यायचा नाही, पाणीपट्टी भरायची नाही, आणि कालव्याचे पाणी फुकट वाहून जायचे. पाऊस गेला की सगळ्यांचा अर्ज एकाच दिवशी. तेवढे पाणी एकदम कुठल्याच कालव्यात मावत नाही. खात्याला उत्पन्न हवे होते, त्यामुळे जो बाराही महिने पाणी घेईल तो साहेबांचा लाडका ठरला. म्हणजे उसाचा मळेवाला. सासवडकडचे माळी बागायतीत मुरलेले. ते कालव्याच्या पाण्यामागे बारामतीकडे सरकले, खंडाने जमिनी घेतल्या आणि ऊस उभा केला. मेहनत त्यांची होती, त्यात खोट काही नाही. पण हा ऊस वाढला तो कालव्याच्या वरच्या अंगाला, एकेका गावात दाटीने. खाली टेलच्या गावांना पाट दिसायचा, पाणी दिसायचे नाही.

वर सतत पाणी, तेही भारी काळ्या जमिनीत. पाण्याला खाली निघायला वाट नाही. चार-सहा वर्षांत जमीन चिबडायची आणि उन्हाळ्यात वर पांढरे मीठ फुटायचे. म्हणजे वरच्याचे रान पाण्याने नासायचे आणि खालच्याचे पाण्यावाचून. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले. दुष्काळासाठी खोदलेला कालवा ऐन दुष्काळात किती गावांच्या कामी आला, असा प्रश्न उभा राहिला.

इथे थोडे गणित. पाटबंधारे खात्यात ज्याला ड्यूटी म्हणतात ती हीच. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. चोवीस तासांत ८६,४०० सेकंद, म्हणून ८६,४०० घनफूट पाणी. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागाकार केला की दिसते, एक क्युसेक पाणी दिवस-रात्र वाहिले तर एका एकरात जवळजवळ दोन फूट उभे राहते. उसाची एक पाळी चार इंचांची धरली तर दिवसाला सहा एकर भिजेल. उसाला दहा दिवसांनी पुन्हा पाणी हवे. म्हणजे दहा दिवसांचे साठ एकर झाले की पाणी परत पहिल्या वाफ्यावर आले पाहिजे. एका क्युसेकवर ऊस फक्त साठ एकर.

तेच पाणी ज्वारीला द्या. पाळी तीन इंचांची, दिवसाला आठ एकर, आणि पुढची पाळी समजा चोवीस दिवसांनी. मग तोच एक क्युसेक १९० एकरांना पुरतो.

हे शेताच्या तोंडाशी मोजलेले पाणी. कालव्याच्या मुखाशी सोडलेले सगळे पाणी शेतापर्यंत येत नाही. मातीचा पाट पाणी पितो, ऊन पिते, चारी फुटते, रात्री कोणी बारे मोडत नाही आणि पाणी ओढ्याला लागते. निम्मे पाणी वाटेत गेले असे धरले तर साठाचे तीसच एकर उरतात. अजूनही कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत भांडणे इथेच लागतात. साहेब मुखाशी सोडलेले पाणी सांगतात आणि शेतकरी आपल्या चारीला आलेले मोजतो. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात.

धरणाच्या बाजूने हाच हिशोब असा होतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, एकर-फुटांत सुमारे २३ हजार. उसाला वर्षाला चार इंची पंचवीस पाळ्या धरल्या तर शंभर इंच, म्हणजे आठ फुटांच्या वर पाणी लागते. ज्वारीला तीन इंची चार पाळ्या, एक फूट. शेताशी पोचलेल्या एका टीएमसीवर ऊस पावणेतीन हजार एकर निघेल, ज्वारी २३ हजार एकर. जमीन, हवामान, पाऊस यांनी आकडे वरखाली होतात, पण आठ-एक पटीचा फरक काही जात नाही. म्हणून कालवा किती एकरांचा, हा प्रश्न पिकाचे नाव घेतल्याशिवाय अर्धवटच राहतो. विश्वेश्वरय्यांनी नेमके हेच ओळखले. कालव्याखाली किती जमीन भिजेल हे आधी पीक ठरवते, आणि पीक मोकळे सोडले तर कालवा वरच्या गावांतच संपतो.

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ब्लॉक पद्धत. कालव्याचे पाणी मूठभर गावांत न जिरवता जास्तीत जास्त गावांना वाटून द्यायचे. पण गावात सगळीकडे शिंपडायचे नाही. प्रत्येक गावात चांगल्या निचऱ्याची जमीन निवडून तिचे सलग गट पाडायचे, आणि पाणी त्या गटालाच द्यायचे. हा गट म्हणजे ब्लॉक. ब्लॉकमध्ये साधारण एक तृतीयांश जमिनीत ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची हंगामी पिके. दर साल ऊस जागा बदलणार. त्यामुळे एकाच रानाला वर्षानुवर्षे पाणी लागत नाही, जमिनीला विसावा मिळतो आणि मीठ फुटायचे टळते. मंजुरी एका हंगामापुरती नसे, काही वर्षांसाठी असे. शेतकऱ्याला आपले पाणी पक्के कळायचे आणि खात्याला पट्टी पक्की मिळायची. सलग जमीन असल्याने पाट लहान आणि गळती कमी.

वरचेच आकडे घेऊन तीस एकरांचा ब्लॉक पाहू. सगळा ऊस केला तर २५० एकर-फूट पाणी लागेल. दहा एकर ऊस आणि वीस एकर भुसार केले तर १०३ एकर-फुटांत भागते. म्हणजे जे २५० एकर-फूट तीस एकरांत संपत होते, त्यात ७२ एकरांचे ब्लॉक निघतात, आणि त्यात २४ एकर ऊसही राहतो. ऊस बंद करा असे ते म्हणत नव्हते. नगदी पैसा त्यातूनच येतो, हे त्यांना चांगले ठाऊक होते. उसाची सहा एकरांची कपात आणि त्या बदल्यात ४८ एकर भुसार, असा हा सौदा होता.

कागदावर इतका सरळ असलेला हा सौदा गावात सरळ उतरला नाही. शेतकऱ्यांत खळबळ उडाली. ज्याला आजवर हवे तेव्हा हवे तितके पाणी मिळत होते, त्याला कोणी तिसरा हिस्सा सांगितला तर तो ऐकून कसा घेईल? आपल्या रानात काय पेरायचे ते सरकार ठरवणार का, असा रोखठोक सवाल होता. इंग्रजांचे राज्य, नवा कायदा म्हणजे नवा कर, ही भीतीही खोटी नव्हती. शिवाय ज्याची जमीन ब्लॉकमध्ये बसली नाही त्याचे काय? फडात प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असायचा, म्हणून कोणी बाहेर पडत नसे. सरकारी ब्लॉक नकाशावर आखला गेला. त्याच्या कडेबाहेर राहिलेल्या माणसाच्या बांधाजवळून पाट जायचा आणि त्याला पाणी नसायचे. या पद्धतीतली ही उणीव मानायलाच हवी. गावाने आपसात ठरवलेली पाळी आणि साहेबाने ठरवून दिलेली पाळी यांत फरक राहतोच.

विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांना समजावण्याचा मार्ग धरला. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा परिचय होता, लोकांत वावरायची सवय होती. त्याच सुमारास लॉर्ड कर्झनच्या सरकारने सिंचन आयोग नेमला होता. सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रिफ त्याचे अध्यक्ष होते. विश्वेश्वरय्यांनी आपले म्हणणे त्या आयोगापुढेही मांडले. हळूहळू ब्लॉक रुळले, आणि दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक हा शब्द घरोघरी झाला.

खडकवासल्याची दारे १९०३ ची. ती याच हिशोबाची दुसरी बाजू आहेत. पूर आला की सांडव्यावरून पाणी निघून जायचे. धरणाची भिंत न वाढवता त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी-मिटणारी दारे बसवली. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की ती उघडायची, उतरले की मिटायची. त्यामुळे तलावात सुमारे आठ फूट जादा पाणी धरता आले. कालव्याच्या शेवटी एकर वाढवायचे दोनच मार्ग असतात, एक साठा वाढवणे आणि दुसरा पिकाचा मेळ बदलणे. त्यांनी मुठेवर पहिला आणि नीरेवर दुसरा वापरला. दाराचे कौतुक सगळीकडे झाले, ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावरही तशी दारे गेली. लोखंडी दाराचा फोटो निघतो. वाटपाचा निघत नाही, म्हणूनही असेल.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले आणि निजामाने त्यांना बोलावले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण. कावेरीवरच्या कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि दोन दशकांनी पुरे झाले. साठा सुमारे ४९ टीएमसी. त्याच्या कालव्याला आधी व्हाइसरॉय आयर्विन यांचे नाव होते, आता तो विश्वेश्वरय्या कालवा आहे. मंड्याच्या रानात पाणी देताना नीरेचाच धडा गिरवला गेला. तिथेही ब्लॉक आले, आणि भात, ऊस व कमी पाण्याची पिके आळीपाळीने घ्यायची ठरली.

तिथे एकरांचा हिशोब गावांच्या भांडणावर थांबला नाही, दोन राज्यांत गेला. म्हैसूरने वर पाणी अडवले तर तंजावरच्या भातशेतीचे काय, म्हणून मद्रास सरकारने हरकत घेतली. पुष्कळ वादावादीनंतर १९२४ मध्ये करार झाला. त्यात कृष्णराजसागराखाली म्हैसूरने किती नवी जमीन भिजवायची ते आकड्यात लिहिले गेले, १ लाख २५ हजार एकर. कावेरीचा वाद लवादापुढे गेल्यावर १९९१ च्या अंतरिम आदेशातही कर्नाटकाला टीएमसीबरोबर एकरांची मर्यादा घातली गेली, ११.२ लाख एकर. नुसते पाणी मोजून भागत नाही, हे तिथेही दिसते.

इकडे नीरेवर दिवस पालटत गेले. १९२० च्या दशकात भाटघरला मोठे धरण झाले आणि उजवा कालवा फलटण-माळशिरसकडे निघाला. डाव्या कालव्याखाली चिबड आणि खारवट जमिनी वाढतच होत्या. इंग्लिस नावाच्या अभियंत्याने दख्खनच्या कालव्यांवर त्याचा बारकाईने अभ्यास केला आणि चर खोदून निचरा करायचे काम सुरू झाले. १९३२ मध्ये परदेशी साखरेवर जकात बसली. पाठोपाठ वालचंदनगर, माळीनगर असे कारखाने उभे राहिले. धुराडे पेटले की त्याला रोज ऊस लागतो. तिसरा हिस्सा उसाचा, हे प्रमाण टिकवून धरणारे कोणी उरले नाही. नंतर सहकारी कारखाने आले आणि १९७९ मध्ये दांडेकर-देऊस्कर-देशमुख समितीने बारमाहीऐवजी आठमाही पाण्याची शिफारस केली. हे सगळे त्याच जुन्या गणिताचे पुढचे पान होते.

विश्वेश्वरय्यांना हे बघायला पुन्हा इकडे यावे लागले. मुंबई सरकारने कालव्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद त्यांना दिले. १९३८ मध्ये तिचा अहवाल आला. तोवर त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. ज्या कालव्यांवर कार्यकारी अभियंता म्हणून चाळिशीत फिरले, त्यांचेच जमाखर्च ते पुन्हा तपासत होते.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळूरला त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची शंभरी पार झाली होती. अंत्यसंस्कार मुद्देनहळ्ळीला झाले. नीरा डावा कालवा वाहता होऊन तेव्हा पाऊणशे वर्षे उलटली होती, आणि इंदापूरकडच्या टेलची गावे उन्हाळी आवर्तनाची वाट पाहत होती.